गालातल्या निम्म्या पेशी

ताईंच्या नखांना कधी रंग नसायचा, पण नेलपॉलिशच्या बाटल्या त्या सारख्या विकत घ्यायच्या. बिनरंगाचं, पाण्यासारखं नेलपॉलिश. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटायचं, बाई भलत्याच हौशी दिसतात. खरं म्हणजे ते आमच्या लॅबमध्ये लागायचं. स्लाइडवर पेशी ठेवल्या, वर पातळ काच झाकली, की तिच्या कडा बंद करायला नेलपॉलिशइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ताईंनी बंद केलेली कड पाहिली की छापखान्यातून आल्यासारखी वाटायची.

ताई आमच्याकडे तंत्रज्ञ होत्या. वय चाळिशीच्या आसपास. वर्षभरासाठी म्हणून नोकरीला लागल्या आणि मुलगी कॉलेजात गेली तरी तिथंच होत्या. कामाला वाघ, पण स्वभावानं घाबरट. कुठं काही बिघडलं की दोष आधी स्वतःकडे ओढून घ्यायच्या. फ्रीजमधला दिवा गेला तरी "माझ्याच हातून काही झालं का गं?" असं विचारायच्या. मी शेजारच्या खोलीत पेशी वाढवायच्या कामावर होते. वयानं बरीच लहान. दुपारी दोघी जिन्यापाशी उभ्या राहून चहा घ्यायचो आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत मधोमध एक केंद्रक असतं. त्याच्याभोवती पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं बसलेली असतात. ती नुसत्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. म्हणून अँटीबॉडी वापरायची. ती एकच ठरलेलं प्रथिन ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. तिच्या मागोमाग दुसरी, चमकणारी अँटीबॉडी सोडायची, ती पहिलीला धरते. मग अंधाऱ्या खोलीत बघितलं की जिथं ते प्रथिन असेल तिथं हिरवा उजेड दिसतो. आवरणातलं प्रथिन असेल तर प्रत्येक केंद्रकाभोवती हिरवी, बारीक कडी. ही अँटीबॉडी ज्या पेशींकडून मिळते त्या सगळ्या एकाच पेशीपासून वाढवलेल्या, अगदी एकसारख्या असतात, म्हणून तिला मोनोक्लोनल म्हणतात. त्या पेशींना वेळेवर खायला घालणं, त्यांची दाटी झाली की वेगळं करणं, आजारी पडू न देणं हे माझं काम. घरी माझ्या आईला वाटायचं, मी कुठल्यातरी पाळणाघरात आहे.

त्या वर्षी आमच्या मॅडमना, म्हणजे लॅबच्या प्रमुखांना, एक गोष्ट पडताळून बघायची होती. एमेरिन नावाचं एक प्रथिन या आवरणात असतं. काही माणसांत ते जन्मापासूनच नसतं. ते आहे की नाही बघायला एरवी कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा काढतात. पण गालाच्या आतून ब्रश फिरवून ज्या पेशी निघतात त्यांच्यावरच आमची अँटीबॉडी चालली, तर कुणाला कापायलाच नको. "आधी धडधाकट माणसाच्या पेशींवर बसवून घ्या. ते जमलं की पुढचं बघू," असं ताईंना सांगून मॅडम डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या.

धडधाकट माणूस शोधायला ताई कुठं जाणार? त्यांनी स्वतःच्याच गालात ब्रश फिरवला.

पहिली स्लाइड बघून त्या बाहेर आल्या तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. "जरा ये गं," म्हणाल्या. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन डोळा लावला. एका पेशीत हिरवी कडी लख्ख. तिच्या शेजारचीत काहीच नाही. पुढच्या दोघींत आहे, मग तिघींत नाही. निळ्या रंगानं केंद्रकं दाखवली होती, ती तर सगळीकडे जागच्या जागी होती. फक्त हिरवी कडी निम्म्यांना होती आणि निम्म्यांना नव्हती. एखाद्या इमारतीत मनाला येईल त्या घरातले दिवे लागावेत, तसं.

"रसायन सगळीकडे नीट पोचलं नसेल," मी म्हटलं.

"तसंच असणार. माझाच हात कुठंतरी चुकला."

त्यांनी पुन्हा केलं. पेशी पातळ पसरल्या, जास्त वेळ भिजवल्या, जास्त वेळा धुतल्या. तेच. मग त्यांना वाटलं, तोंडातल्या वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या असतात, त्या घेऊन उपयोग नाही. ब्रश जरा जोरात फिरवला. गाल सोलवटला, दोन दिवस गरम चहा पिता आला नाही, आणि चित्र तेच. मॅडमना फोन केला तर त्या डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या. स्लाइड कशी दिसते हे ताई फोनवर सांगायला लागल्या, पण धड सांगता येईना. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी ठिगळ-ठिगळ आलेलं दिसतंय. पहिल्यापासून नीट करा."

पहिल्यापासून नीटच तर चाललं होतं! ताईंचं डोकं चालेना. जेवताना घास हातात धरून बसायच्या. आणि मग एक दिवस, इतकी वर्षं सगळा दोष स्वतःकडे ओढून घेणाऱ्या ताई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "रागावू नकोस हं, पण तुझ्या पेशींत भेसळ झालीय का?"

आता कुणी येऊन तुमच्या लेकरांना भेसळ म्हणालं तर तुम्हाला काय वाटेल? मी म्हटलं, "झाली असती तर मला कळलं नसतं का?"

"अगं, काही पेशी अँटीबॉडी करत असतील, काही करत नसतील..."

"तसं असतं तर उजेड सगळ्याच कड्यांचा कमी झाला असता. निम्म्या लख्ख आणि निम्म्या काळ्या, असं कसं होईल?"

"ते मलाही कळत नाही. म्हणून तर विचारते."

"तुम्ही विचारत नाही, तुम्ही माझ्यावर खापर फोडताय."

त्या निघून गेल्या. चहा बंद झाला. मी रागारागानं एकेक पेशी वेगळी काढली, तिच्यापासून पुन्हा सगळा गोतावळा वाढवला, तपासला. यात आठवडे गेले. नवी, ताजी अँटीबॉडी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता परतले. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दारात उभ्या. चेहरा पडलेला.

"तेच?" मी विचारलं.

"तेच. अगदी तेच."

दुसऱ्या एका लॅबमधून त्यांनी विकतच्या अँटीबॉडीचे चार थेंब मागून आणले. तेच. मग आवरणातलंच दुसरं प्रथिन, लॅमिन, त्याची अँटीबॉडी वापरली. तर सगळ्या पेशींत कड्या, एकही सुटली नाही! म्हणजे हात चांगला, रसायनं चांगली, मायक्रोस्कोप चांगला. घोडं नेमकं कुठं अडलंय हेच समजेना.

"ताई," मी म्हटलं, "माझा गाल घ्या."

हे इतके दिवस दोघींना का सुचलं नाही, देव जाणे. त्यांनी एकाच वेळी दोन स्लाइड केल्या, एक माझी, एक त्यांची. माझ्यातली प्रत्येक पेशी कडीसकट हजर होती. त्यांच्यातल्या निम्म्या गैरहजर. मला तर हायसं वाटलं, माझी लेकरं निर्दोष सुटली होती. ताईंनाही आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण त्या मायक्रोस्कोपवरून उठल्याच नाहीत. अंधारातूनच म्हणाल्या, "म्हणजे जे काय आहे ते माझ्यातच आहे."

त्या संध्याकाळी कुणाला न सांगता त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही हसू दाबत. डॉक्टरांनी आ करायला लावलं, दिवा मारून बघितलं आणि म्हणाले, "त्रास काय होतोय?"

"त्रास काही नाही. माझ्या गालातल्या निम्म्या पेशींना कडी नाही."

डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं. नर्सनं छताकडे बघितलं. "गाल छान आहे तुमचा," ते जपून म्हणाले. "एक दाढ मात्र किडलीय."

ताईंनी दाढ भरून घेतली. आणि खरं सांगते, दाढ भरल्यावर त्यांनी पुन्हा एक स्लाइड करून बघितली.

मॅडम परतल्या तेव्हा काळा चष्मा लावून आल्या. एक डोळा अजून बरा होत होता, दुसऱ्यानं त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. ताई मागे उभ्या राहून माफी मागितल्यासारखं सगळं सांगत होत्या: हे बदललं, ते बदललं, दाढ भरली. मॅडमनी स्लाइड हळूहळू सरकवत नेली. मग थांबल्या. चष्मा हातात घेऊन ताईंकडे वळल्या आणि भलतंच काहीतरी विचारलं.

"तुम्हाला भाऊ आहे का?"

"आहे की. धाकटा. का?"

"कसा आहे?"

"बरा आहे. शाळेची गाडी चालवतो." ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "जरा आखडू आहे, एवढंच."

"आखडू म्हणजे?"

"म्हणजे... आम्ही घरात त्याला आखडूच म्हणतो. स्वभावानं पण आहे. आणि हातही आखडलेले आहेत, कोपरात. सरळ होत नाहीत. लहानपणापासूनच."

मॅडमनी मला खुर्ची पुढे करायला सांगितलं. ताई बसल्या.

मॅडमनी जे समजावलं ते मला तेव्हा अर्धंच समजलं. त्यांचं म्हणणं असं, की एमेरिन कसं बनवायचं याची सूचना ज्या गुणसूत्रावर असते त्याच्या बाईच्या पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. प्रत्येक पेशी त्यातली कुठलीतरी एक मिटून ठेवते आणि दुसरीवर काम भागवते. कुठल्या पेशीनं कुठली मिटावी याला काही नियम नाही. एक प्रत बिघडलेली असेल, तर जिथं चांगली उघडी राहिली तिथं प्रथिन बनतं, जिथं बिघडलेली उघडी राहिली तिथं बनत नाही. "म्हणून तुमच्यात निम्म्या," मॅडम म्हणाल्या. "पुरुषाकडे एकच प्रत असते, आईकडून आलेली. ती बिघडलेली आली, तर कुठल्याच पेशीत कडी नाही. कोपरं आखडतात, टाचा आखडतात, मान कडक होते. एवढं असलं तरी माणूस जगतो. पण हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते त्याचं त्याला कळतही नाही."

ताई लगेच उठायला लागल्या.

"हे मी नुसतं बोलतेय," मॅडम घाईनं म्हणाल्या. "आपली लॅब म्हणजे दवाखाना नव्हे. माझं चुकतही असेल. पण त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. लवकर न्या."

"पण मॅडम, माझ्या निम्म्या पेशींत ते नाही, तर मला काहीच कसं झालं नाही?"

"बहुतेक बायकांना होत नाही."

"आणि ते तर शरीरभर असतं म्हणता. मग कोपरातच का बिघडतं? नाकात का नाही?"

मॅडमनी चष्मा परत लावला. "ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ही लॅब आहे."

ताई मला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर. माझ्या तोंडून काही धड यायचं नाही." म्हणून मी गेले.

भाऊ आईबरोबर दुसऱ्या मजल्यावर राहायचा. आम्ही पोचलो तेव्हा तो खाली गाडी धुवत होता. पिवळी, लांबुळकी गाडी, आतल्या बाकांवर कुणीतरी पेननं चित्रं काढलेली. माणूस काटक, दंड बारीक, दोन्ही कोपरं वाकलेली, आत्ता कुणाच्या हातातलं काहीतरी घेईल अशी. चवड्यांवर जोर देऊन चालायचा. आम्हाला बघायला नुसती मान नाही वळली, सगळा माणूस वळला. "काय गं, आज कामाच्या दिवशी?" म्हणाला. मला एकदम वाटलं की हा माणूस मी रस्त्यात शंभरदा बघितला असता तरी मला काही वेगळं वाटलं नसतं.

वर गेल्यावर ताईंनी सांगायला सुरुवात केली. कुठून सुरुवात केली, तर दाढेपासून. आई चहा ठेवायला उठली होती ती पुन्हा बसली.

"थांब," भाऊ म्हणाला. "फोटो तुझ्या गालाचा काढला ना?"

"हो."

"मग आजारी मी कसा?"

"तसं नाही रे. माझ्या निम्म्या पेशींत ते नाही, म्हणून तुझ्यात बहुतेक कुठंच नसेल."

"बहुतेक?"

"तुझा गाल नाही ना बघितला."

"म्हणजे तुझ्यात नाही हे तू बघितलंस. तू ठणठणीत. माझ्यात नाही हे कुणीच बघितलं नाही, आणि डॉक्टरकडे मी जायचं?" तो माझ्याकडे वळला, सगळाच्या सगळा. "हिचं लॅबमध्ये हेच चालतं का?"

मी म्हटलं, "नाही, एरवी त्या बरोबर सांगतात." ते मदतीचं झालं नाही.

आई इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "तुझ्यात निम्मं नाही म्हणतेस?"

"हो आई."

"आणि तरी तू धडधाकट?"

"हो."

"मग ते नसलं तर बिघडतं काय?"

"त्याचं बिघडतं."

"असं कसं? एकाच पोटची ना तुम्ही?"

ताईंनी मला खुणेनं पुढे केलं. मी प्रतींचं सांगायला गेले, पण कुठली मिटते आणि कुठली उघडी राहते यात माझाच पाय अडकला. भाऊ हसला. "याचा हात लहानपणापासून आखडता, असं म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला इतकी वर्षं चिडवलं," तो म्हणाला. "कुणाला काही देताना मी हात आखडता घेतो म्हणून. आता त्याला रोगाचं नाव देताय होय?"

"रोग कसला," आई म्हणाली. "तुझा मामा पण असाच होता. ताठ मानेचा. कुणापुढे वाकला म्हणून नाही कधी." आणि बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या मानेवर गेला. "वाकायचाच नाही," ती हळूच म्हणाली. "खाली पडलेलं उचलायला सुद्धा गुडघ्यावर बसायचा. आम्हाला वाटायचं..."

मामा गेला कसा, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ऐन उमेदीत, एका सकाळी उठलाच नाही. राबून राबून गेला, असं सगळे म्हणायचे.

ताईंनी विचारलं, "तुला चक्कर येते का रे कधी?"

"येते. कुणाला येत नाही?"

"मला येत नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "मलाही नाही."

"आई, तुला?"

"इतक्या वर्षांत नाही बाबा."

मला त्याचा चेहरा अजून आठवतो. राग नव्हता, भीतीही नव्हती. आपण सगळ्यांसारखेच आहोत असं इतके दिवस धरून चाललेला माणूस एकदम एकटा पडावा, तसा तो दिसत होता. उठून खिडकीशी गेला. खाली गाडी निथळत उभी होती.

"गाडी चालवताना आली का कधी?" ताईंनी विचारलं.

"सिग्नलला," तो म्हणाला. "थांबलेलो असताना." मग खाली गाडीकडे बोट केलं. "मागे पोरं असतात गाडीभर."

बहिणीच्या गालावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मालकाच्या हातात गाडीच्या किल्ल्या दिल्या आणि दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसला.

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास?" भाऊ म्हणाला, "काही नाही. बहिणीच्या गालामुळे आलोय." डॉक्टरांना वाटलं, थप्पड बसलीय कुणालातरी. मग त्यांनी छातीला वायरी लावल्या आणि कागदाची पट्टी बाहेर यायला लागली, तसं त्यांचं हसू गेलं. नाडी नको इतकी मंद होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खाली निरोप पोचतच नव्हता. त्या दिवशी त्यांनी त्याला घरी सोडलंच नाही. पेसमेकर बसवायचं ठरलं. रक्ताची तपासणी बाहेर पाठवली, तिचंही उत्तर तेच आलं. डॉक्टर ताईंना म्हणाले, "वेळेवर आणलंत." ताईंनी मान हलवली आणि बाहेर बाकावर येऊन रडत बसल्या.

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. ताई आता जरा ताठ मानेनं फिरतील, लॅबभर सांगतील, मॅडम पेढ्यासारखं काहीतरी गोडधोड आणतील. तसलं काही झालं नाही. भाऊ घरी आला आणि त्यानं ताईंशी बोलणं टाकलं. "त्या दिवशी गाडी धुवत होतो तोपर्यंत मी चांगला होतो," असं तो आईला म्हणाला. "ही आली आणि मी पेशंट झालो." गाडी चालवायची डॉक्टरांनी मनाई केली. मालक भला माणूस, त्यानं ऑफिसात फोनवर बसवलं. दिवसभर पालकांचे फोन घ्यायचे, गाडी कुठवर आली ते सांगायचं. ज्या माणसाला दोन शब्द गोड बोलता येत नाहीत, त्याला नेमकं तेच काम मिळालं.

आई वेगळ्याच फेऱ्यात सापडली. ताई भेटायला गेल्या की विचारायची, "म्हणजे माझ्याकडून आलं का?" ताई एकदा हो म्हणाल्या, एकदा नाही म्हणाल्या, आणि एकदा म्हणाल्या, "आलं तुझ्याकडून, पण दिलं नाहीस तू." त्यानं आईचं समाधान झालं की नाही ते ताईंना कळलं नाही. डॉक्टरांनी ताईंनाही हृदय तपासून घ्यायला सांगितलं. ते अगदी ठीक निघालं. तो कागद हातात घेऊन त्या मला म्हणाल्या, "आनंद व्हायला हवा ना गं? पण कुणाची तरी वस्तू चुकून माझ्याकडे आल्यासारखं वाटतं."

आणि मुलगी. एके दिवशी तिनं जेवताना सरळ विचारलं, "माझ्यात पण निम्म्या असतील का?" ताईंच्या हातात सगळं होतं. ब्रश, स्लाइड, अँटीबॉडी. एका दुपारी सगळं समजलं असतं. एकदा तर पर्समध्ये ब्रश घालून त्या घरी गेल्या आणि तसाच परत घेऊन आल्या. मॅडमना विचारलं तर मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "तिच्या जिवाला आत्ता धोका नाही. तिचं ती ठरवेल, डॉक्टरांशी बोलून. आईनं स्वयंपाकघरात बसून ठरवायची गोष्ट नाही ही." मुलगी सोमवारी म्हणायची मला कळायलाच हवं, बुधवारी म्हणायची मला काही सांगू नका. ताई दोन्ही वेळा "बरं" म्हणायच्या.

काम मात्र त्या करत राहिल्या. त्यांच्या स्लाइडचा फोटो मॅडमनी नाव न घालता एका परिषदेत दाखवला. आधी ताईंना विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "दाखवा. नाहीतर दुसरी कुणीतरी उगाच दाढ भरून घ्यायची."

भावाचा अबोला बरेच महिने चालला. ताई जायच्या, आईशी बोलायच्या, तो आतल्या खोलीत असायचा. पेसमेकर बसल्यापासून त्याचा रंग सुधारला, जिना एका दमात चढतो, एवढं आईकडून कळायचं.

मग एक दिवस दुपारी लॅबच्या फोनची घंटा वाजली. मी उचलला. पलीकडून खरखरीत आवाजात, वाचून दाखवल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, "नमस्कार. आपल्या मुलाची पाण्याची बाटली आमच्या गाडीत राहिली आहे. कृपया घेऊन जाणे." मी आवाज ओळखला आणि काही न बोलता फोन ताईंकडे दिला.

ताई म्हणाल्या, "हॅलो?"

त्यानं सगळं वाक्य पुन्हा म्हटलं, इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू येत होतं.

"अरे, मला मुलगा कुठं आहे?" ताई म्हणाल्या. "मला मुलगी आहे. आणि ती कॉलेजात जाते."

मला वाटलं ठेवला. पण ठेवला नव्हता. "चुकून लागला," तो म्हणाला. आणि तरीही ठेवला नाही. मग म्हणे, "हे पालक लोक फार डोकं खातात." ताई खुर्चीवर बसल्या. पालक कसे डोकं खातात हे त्यानं सविस्तर सांगितलं. एक बाई रोज विचारते की माझ्या मुलानं डबा खाल्ला का. गाडीला काय माहीत डबा खाल्ला का? ताई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मी माझ्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

चहाच्या वेळी त्या जिन्यापाशी आल्या. कप हातात घेतला.

"चुकून लागला का गं त्याचा, की मुद्दाम लावला?"

"विचारायचं ना."

"विचारलं असतं तर लगेच ठेवला असता त्यानं," ताई म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.